सहलीत अणुऊर्जा पाहिली, पण जालन्याचं काय?

दिवाळी झाली की शाळांत सहलीचं वारं सुरू होतं. मुंबईची सहल ठरली तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र यादीत असतंच. तिथे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनच्या सहकार्याने उभं राहिलेलं अणुऊर्जेचं दालन आहे. आम्हीही मुलांना घेऊन गेलो. खरं सांगतो, पंधरा मिनिटांत बाहेर. रिॲक्टरच्या प्रतिकृतीसमोर फोटो, डॉ. होमी भाभांसमोर फोटो, चला पुढे!

बाहेर आल्यावर आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, यातलं आपल्या जालन्यात काय आहे?" मी पटकन म्हणालो, "काही नाही गं." हे उत्तर चुकीचं होतं, आणि ते मला घरी आल्यावर कळलं.

आपल्याकडच्या शेतकरी पालकांना उडदाचा टीएयू-१ वाण विचारून बघा. महाराष्ट्रात तो वर्षानुवर्षे पेरला गेला. नावातला 'टी' म्हणजे ट्रॉम्बे आणि 'ए' म्हणजे अकोला. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून तो १९८५ साली दिला. किरणोत्साराने बदल घडवलेल्या वाणाशी संकर करून तो तयार झाला. मुलं लगेच विचारतील, मग तो उडीद खाल्ला तर? काही होत नाही. किरणांनी बियाण्याच्या गुणसूत्रांत बदल होतो, दाणा किरणोत्सारी होत नाही. भुईमुगाचा टॅग-२४ हाही त्याच घरचा. बियाण्यांचं शहर म्हणून मिरवणाऱ्या जालन्यातल्या मुलांना हे माहीत नसावं, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट लोखंडाची. आपल्या एमआयडीसीतल्या कारखान्यांत भंगार वितळवून सळई बनते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील तिथे कामाला आहेत, काही भंगार गोळा करणारे आहेत. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काय झालं ते त्यांनी ऐकायलाच हवं. विद्यापीठातलं एक जुनं यंत्र लिलावात विकलं गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं. आत कोबाल्ट-६० होतं. एक माणूस गेला, बाकीचे आजारी पडले. त्या धातूला वास नाही, हाताला चटका नाही, कळणार कसं? म्हणूनच तीन पाती असलेलं ते किरणोत्साराचं चिन्ह. संग्रहालयात आपण ते रंगीत चित्र समजून पुढे जातो. जालन्यातल्या पोराला ते चिन्ह ओळखता येणं हे मला आवर्त सारणी पाठ असण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आणि हेच कोबाल्ट-६० कॅन्सरच्या उपचारात वापरतात. लासलगावच्या 'कृषक' केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून याच्याच गॅमा किरणांचा उपयोग होतो. एकच पदार्थ, तारतो आणि मारतोही.

काही पालक म्हणतात, "बॉम्बच्या गोष्टी मुलांना कशाला?" उलट मी म्हणेन, दोन्ही सांगा. ६ ऑगस्टला आपण हिरोशिमा दिन पाळतो, तो पाळायलाच हवा. पण ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली, सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली पहिली, हे किती शाळांच्या परिपाठात येतं? पाण्यात दिसणाऱ्या निळ्या प्रकाशावरून पंडित नेहरूंनी तिला ते नाव दिलं. मुलांना ही गोष्ट फार आवडते, अनुभव घेऊन बघा. तारापूरची वीज १९६९ पासून महाराष्ट्राला मिळते, तेही जोडीला सांगता येतं. जैतापूरच्या लोकांचा विरोध का, हा प्रश्न आला तर तो दाबू नका. नववी-दहावीची मुलं त्यावर छान वाद घालतात.

यंदा आम्ही सहलीआधीच दोन तास ठेवलेत. प्रत्येकाने घरून एक प्रश्न आणायचा, शेतीचा नाहीतर कारखान्याचा, आणि दालनात त्याचं उत्तर शोधायचं. दालनाला दीड तास. त्यासाठी चौपाटीचा वेळ कमी केलाय, मुलं थोडी रुसलीत. आपली रेल्वे मनमाडनंतर लासलगाववरूनच जाते. तेव्हा झोपलेल्यांना उठवायचं काम त्या मुलीकडे दिलंय. ती आता नववीत आहे.