भटारखाना उघडा, माणूस झाकलेला

हॉटेलच्या भटारखान्यात काय चाललंय हे गिऱ्हाइकाला सगळ्यात शेवटी कळतं. आधी कळतं ते मोरीवर भांडी घासणाऱ्याला, मग वाढप्याला, मग पहाटे पनीर टाकायला येणाऱ्या टेम्पोवाल्याला. अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा पालिकेच्या आरोग्य खात्याकडे येणाऱ्या अर्जांमध्ये खरोखर कामाचा अर्ज बहुधा यांच्यापैकीच कोणाचा तरी असतो. तळणीचं काळं तेल कुठल्या डब्यात राखून ठेवतात, पाकिटांवरच्या तारखा रात्री कोण बदलतं, हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही. असा अर्ज हातात असलेला अधिकारी तपासणीला जातो आणि गल्ल्यासमोर फाइल उघडी ठेवून मालकाला विचारतो, “अमुक नावाचा कोणी होता का हो तुमच्याकडे कामाला?” संध्याकाळच्या आत त्या माणसाला फोन गेलेला असतो. पुढे त्या गल्लीतून अर्ज येणं बंद होतं आणि आपण वार्षिक अहवालात लिहितो, तक्रारींत लक्षणीय घट.

अन्न सुरक्षेच्या कामात आपण माणसांची जी माहिती गोळा करतो तिची राखण हा विषय आपल्याकडे कारकुनी समजला जातो. कायद्याचा एखादा जाणकार येऊन व्याख्यान देतो, लोक चहा पिऊन परततात. आमचं म्हणणं असं की हा विषय थेट अन्नाचा आहे. तक्रारदार, आजारी पडलेला रोगी आणि भटारखान्यातला कामगार या तिघांच्या तोंडून येणाऱ्या माहितीवर आपली अर्धी तपासणी उभी असते. त्यांची नावं जपली नाहीत तर ते बोलायचे थांबतात, आणि मग हाताशी उरतो तो फक्त नमुन्याचा अहवाल, तोही दोन आठवड्यांनी.

आपल्याच यंत्रणेत याची उत्तम सोय एका जागी आधीपासून आहे. सीलबंद नमुना अन्न विश्लेषकाकडे जातो तेव्हा त्यावर संकेतांक आणि अनुक्रमांक असतो, नमुना कधी आणि कुठे घेतला ते असतं, जिन्नस काय आहे ते असतं. दुकानदाराचं नाव त्या लेबलवर घालायचं नसतं. प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला तूप कोणाचं हे कळण्याची गरज नाही, तूप आहे की नाही एवढंच त्याने सांगायचं. ज्याला ज्या कामासाठी जेवढं लागतं तेवढंच त्याच्या हाती द्यायचं, हे तत्त्व आपण नमुन्याच्या बाटलीला लावतो. तक्रारदाराच्या अर्जाला ते लावायला काय लागतं? अर्जातला मजकूर वेगळ्या कागदावर उतरवून तपासणीला न्यायचा, मूळ अर्ज कार्यालयातल्या कपाटात राहू द्यायचा. यासाठी नवं परिपत्रकही नको.

ब्रिटनमध्ये अन्न तपासणीचं काम स्थानिक परिषदा करतात. तिथल्या अनेक परिषदा अन्न सुरक्षा विभागापुरतं एक पत्रक काढतात: तुमची कोणती माहिती घेतो, कोणत्या कायद्याच्या आधाराने, पुढे कोणाला देतो, किती काळ ठेवतो. भाषा रुक्ष, सरकारी. तरी त्यातून घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की या पत्रकांत परिषद व्यापाऱ्याची संमती मागत बसत नाही. कायद्याने नेमून दिलेलं सार्वजनिक काम, हा तिचा आधार. हे आम्हाला प्रामाणिक वाटतं. तपासणीला ‘नको’ म्हणायची ज्याला मुभाच नाही, त्याच्याकडून संमतीपत्रावर सही घेणं म्हणजे निव्वळ देखावा. आपल्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही परवाने देणं, कायद्याने सोपवलेली कामं आणि साथीच्या वेळची उपाययोजना यांसाठी सरकारी यंत्रणांना संमतीशिवाय माहिती वापरता येईल अशी तरतूद केली आहे. तेव्हा काही कार्यालयांत छापून तयार ठेवलेले ते संमतीचे अर्ज खुशाल रद्दीत घालावेत. त्या जागी काय घेतो आणि का घेतो हे मराठीत लिहून भिंतीवर लावावं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्कॉटलंड सोडून तिथे प्रत्येक उपाहारगृहाच्या स्वच्छतेला 0 ते 5 गुण मिळतात आणि ते सगळ्यांना पाहता येतात. वेल्समध्ये 2013 पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये 2016 पासून ते दारावर लावणं सक्तीचं आहे. पण धंदा राहत्या घरातून चालत असेल तर त्या जाहीर यादीत घराचा पूर्ण पत्ता छापत नाहीत. लंडनच्या एखाद्या उपनगरात घरच्या ओट्यावर चकल्या तळून विकणाऱ्या मराठी बाईने धंदा सुरू करायच्या 28 दिवस आधी परिषदेकडे नोंद करायची, अधिकारी येऊन ओटा, फ्रीज, हात धुण्याची जागा बघणार, गुण लोकांना दिसणार. ती कुठल्या घरात राहते हे परिषदेच्या दप्तरात राहणार.

आता तिची पुण्यातली बहीण बघा. पोळी-भाजीचे डबे देते. 2011 च्या अन्न परवाना व नोंदणी विनियमांप्रमाणे तिने नमुना ‘अ’ भरायचा, फोटो आणि ओळखपत्र जोडायचं, प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं. 1 जानेवारी 2022 पासून नोंदणीचा 14 आकडी क्रमांक बिलावरही छापायचा. तो क्रमांक ‘फॉस्कॉस’ या परवाने-नोंदण्यांच्या संकेतस्थळाच्या शोधखिडकीत टाकला की नाव आणि जागेचा पत्ता समोर. जागा म्हणजे तिचं घर, जिथे दुपारी ती एकटी असते. डबा घेणाऱ्याला यातलं काय हवं असतं? नोंदणी चालू आहे का, कशासाठी आहे, स्वयंपाकघर कोणी कधी पाहिलं आणि काय आढळलं. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्या पडद्यावर सापडत नाहीत. घराची पाटी मात्र सापडते. पत्ता झाकला तर भेसळवाले मोकाट सुटतील, अशी शंका आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी काढली. सुटणार नाहीत, कारण पत्ता अधिकाऱ्याकडे असतोच. घरगुती नोंदणीपुरता जाहीर शोधात प्रभाग आणि पिनकोड एवढाच दिसावा, ही मागणी खाद्य व्यावसायिकांच्या संघटनांनी लावून धरायला हवी. नव्या डेटा संरक्षण कायद्यावर भिस्त ठेवून भागणार नाही, कारण कायद्याच्या बंधनामुळे जाहीर झालेली माहिती त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. काय जाहीर करायचं हे आधी ठरायला हवं.

नावं जाहीर करण्याच्या हौसेने काय होतं ते कावड यात्रेच्या मार्गावर दिसलं. उत्तर प्रदेशात 2024 मध्ये खाणावळींच्या मालकांनी आणि नोकरांनीसुद्धा पाटीवर नावं लावावीत असं फर्मान निघालं. 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ते थोपवलं: काय शिजतं ते लिहा, कोण शिजवतो त्याचं नाव लिहायची सक्ती नको. पुढच्या वर्षी त्याच न्यायालयाने परवाना आणि नोंदणी प्रमाणपत्र कायद्याप्रमाणे लावायला सांगितलं. अन्न सुरक्षेच्या अंगाने पाहिलं तर नोकराच्या नावाने भाजी ना शुद्ध होते ना नासते.

कामगाराकडे वळू. परवान्याच्या अटींतल्या अनुसूची 4 नुसार अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, आतड्याच्या रोगांवरची लस टोचलेली असावी आणि त्याचा दाखला तपासणीच्या वेळी दाखवता यावा. दाखल्याचा ठरलेला नमुना अगदी साधा आहे. डॉक्टरने शरीर, डोळे आणि त्वचा पाहायची, गरज वाटली तर चाचणी करायची आणि माणूस कामाला योग्य आहे असं लिहून सही करायची. मालकाला आणि अधिकाऱ्याला एवढाच कागद लागतो. प्रत्यक्षात काय असतं? गल्ल्याखालच्या खणात प्लास्टिकच्या फाइलीत शौचाच्या, रक्ताच्या, विडालच्या चाचण्यांचे अहवाल नावानिशी कोंबलेले असतात. मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या व्हॉट्सअॅप गटावर त्यांचे फोटो फिरतात. काही ठिकाणी आचाऱ्याची एचआयव्ही चाचणीही करून घेतली जाते. एचआयव्ही अन्नातून पसरत नाही आणि नोकरीसाठी ही चाचणी सक्तीची करायला 2017 च्या कायद्याने मनाई केली आहे. तपासणीत असा कागद दिसला तर ‘दप्तर परिपूर्ण’ असा शेरा मारू नका, मालकाला तिथल्या तिथे समज द्या.

तसंही वर्षातून एकदा काढलेला दाखला फारसं काही सांगत नाही. जानेवारीत ठणठणीत असलेल्या माणसाला जुलैत जुलाब लागतात. खरं संरक्षण त्या दिवशी सकाळी त्याने “पोट बिघडलंय” असं सांगण्यात आहे. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा नियम सरळ आहे: उलटी-जुलाब थांबल्यावर 48 तास अन्नाला हात लावायचा नाही. पण रोजावरच्या कामगाराने हे मालकाला सांगायचं तर त्याला दोन भरवसे हवेत. दोन दिवसांचा रोज बुडणार नाही हा एक, आणि गोष्ट चारचौघांत चघळली जाणार नाही हा दुसरा. पहिला भरवसा देणं आपल्या हातात नाही. दुसरा आहे, निदान काही अंशी.

विषबाधेच्या वेळी तर आपण सगळंच सोडून देतो. आश्रमशाळेत किंवा लग्नघरी पन्नास जण आजारी पडले की आरोग्य खातं लाइन लिस्ट करतं: नाव, वय, लिंग, पत्ता, किती वाजता जेवले, काय काय खाल्लं, पहिली उलटी कधी झाली. तपासातला सगळ्यात मोलाचा कागद हाच. समजा, श्रीखंड खाल्लेल्या 80 जणांपैकी 60 आजारी पडले आणि न खाल्लेल्या 40 पैकी 4. म्हणजे एकीकडे शंभरात 75, दुसरीकडे 10. त्यात उलट्या जेवणानंतर 1 ते 6 तासांत सुरू झाल्या असतील तर स्टॅफिलोकॉकसचा संशय घ्यायचा, आणि चक्का फेटणाऱ्याच्या हातावर जखम आहे का ते बघायला जायचं. या हिशोबात नाव आणि पत्ता हे रकाने कुठेच लागले नाहीत, हे लक्षात आलं असेल. ते लागतात फक्त प्राथमिक आरोग्य केंद्राला, रोग्याची पुन्हा विचारपूस करायला. तरीही नावांसकट तीच यादी तालुक्याच्या गटावर टाकली जाते, तिथून स्थानिक बातमीदाराकडे पोचते, आणि दुसऱ्या दिवशी आश्रमशाळेतल्या मुलींची नावं छापून येतात. यादीच्या दोन प्रती करा. एक नावांची, आरोग्य केंद्रापुरती. दुसरी क्रमांकांची, बाकी सगळ्यांसाठी. संगणकावर दोन रकाने पुसायला मिनिटही लागत नाही. त्या श्रीखंडवाल्याचं नावही अहवाल पक्का होईपर्यंत गावात फिरू देऊ नका. आधीच गाव त्याच्या दारात गेलं तर तो जखमेचा हात दाखवणार नाही.

ही बाजू इतकी ताणून मांडली म्हणून कोणी तिचा सोयीस्कर अर्थ काढू नये. डेटा संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकारातलं कलम 8(1)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर 2025 पासून ‘वैयक्तिक माहिती’ एवढं कारण सांगून अर्ज फेटाळणं सोपं झालं आहे. एखाद्या मिठाईवाल्याच्या तपासणीचा अहवाल मागितला की काही कार्यालयं आता हीच ढाल पुढे करतील, अशी आम्हाला धास्ती आहे. दुकानाच्या फरशीवरचा चिकटा ही कोणाची वैयक्तिक माहिती नव्हे. जनहित मोठं असेल तर माहिती देण्याची वाट कलम 8(2) ने अजून मोकळी ठेवली आहे. अहवालातली कामगारांची नावं आणि फोन क्रमांक काळे करा, बाकी कागद द्या. जुलै 2025 मध्ये मुंबईतल्या आकाशवाणी आमदार निवासाच्या उपाहारगृहात डाळीवरून कर्मचाऱ्याला मारहाण झाली. मार खाणारा तो चेहरा देशभर पाहिला गेला. त्या स्वयंपाकघराच्या तपासणीत काय निघालं हे त्यातल्या किती जणांनी वाचलं असेल? धाडीचं चित्रीकरण पुराव्यासाठी अवश्य करा, पण ते समाजमाध्यमांवर टाकायचं तर भांडी दाखवा, माणसं नकोत.

नव्या डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. माहिती फुटली तर संबंधित माणसाला विनाविलंब कळवणं आणि डेटा संरक्षण मंडळाला 72 तासांत तपशील देणं त्यात आलं, आणि सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची मर्यादा 250 कोटी रुपयांपर्यंत आहे. एवढ्या आकड्याने पोळी-भाजी केंद्रवाल्यांनी घाबरून जाऊ नये. मोठ्या केटररनी आणि साखळी हॉटेलांनी मात्र कामगारांच्या फाइली आतापासून आवरायला घ्याव्यात.

एक काम अगदी आजपासून करता येईल. हातगाडीवाले, वडापाववाले यांच्या नोंदण्या बहुतेक वेळा दलाल किंवा सायबर कॅफेवाला करून देतो. गाडीवाल्याच्या आधार कार्डाची प्रत, फोटो, पासवर्ड त्या दलालाच्याच संगणकात राहतो. अर्जात मोबाइल क्रमांकही अनेकदा त्याचाच असतो, त्यामुळे सुधारणेची नोटीस निघाली, मुदत संपत आली, तरी गाडीवाल्याला पत्ता नसतो. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा नोंदणीतल्या क्रमांकावर गाडीसमोर उभं राहूनच फोन लावा. घंटी दुसरीकडे कुठे वाजली तर त्याच वेळी क्रमांक बदलायला लावा आणि ओळखपत्र म्हणून आधारचे शेवटचे चार आकडेच दिसणारी प्रत चालते, हेही त्याला सांगा.