डोंगरावरील सायंकाळ आणि सायकलीचा रस्ता

उन्हाळ्याच्या सुटींत थंड हवेच्या ठिकाणीं जाण्याचा प्रघात आतां पुष्कळ घरांत पडला आहे. आणि तेथें गेल्यावर सायंकाळीं भाड्याच्या सायकली घेऊन फिरावयास निघण्याची हौस लहानथोर सर्वांसच असते. या हौसेला आमचा मुळींच विरोध नाहीं. परंतु रस्ता निवडण्याचें काम घरांतील सर्वांत दांडग्या मुलाकडे सोंपवावयाचें, ही जी रूढि सर्वत्र दिसते, तिच्याविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात. कारण या चुकीचें प्रायश्चित्त आमच्याच घरांत, आणि तेंही निरपराध माणसास, भोगावें लागलें.

गेल्या मे महिन्यांत आम्ही अकरा माणसें महाबळेश्वरीं गेलों होतों. आमच्या वहिनींचें वय अठ्ठेचाळीस. माहेरीं असतां त्या सायकलीवर शाळेंत जात. पण लग्नानंतरच्या पंचवीस वर्षांत त्यांनीं सायकलीस हात लावला नव्हता. मुलांनीं आग्रह केला, तेव्हां "या वयांत लोक हंसतील" असें दोनतीनदां म्हणून शेवटीं त्या निघाल्या. पुतण्यानें रस्ता ठरविला तो वेण्णा तलावाचा. इ. स. १८४२ सालीं साताऱ्याचे छत्रपति आप्पासाहेब महाराज यांनीं बांधविलेला हा तलाव बाजारापासून सुमारें दोन किलोमीटरांवर आहे, आणि तिकडे जाणारी वाट बहुतेक उताराची आहे. पायांस श्रम नाहींत, तोंडावर गार वारा. वहिनींचा चेहरा तर शाळकरी मुलीसारखा फुलला होता. "भाऊजी, विसरलें नाहीं बघा मी!" असें त्या तलावाच्या कांठीं मोठ्या कौतुकानें म्हणाल्या.

परंतु उतरलेला प्रत्येक हात परत चढावा लागतो, हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. कणसें खातांखातां सात वाजले. मुलें पैज लावून पुढें गेलीं. वहिनी मुलांबरोबर आहेत असें दादांना वाटलें, दादांबरोबर आहेत असें मला वाटलें. मुक्कामीं पोंचल्यावर पाहतों तों वहिनी नाहींत! आम्ही दोघे उलट धांवलों. अर्ध्या चढावर, मोटारींच्या झोतांत डोळे दिपून, दिवा नसलेली सायकल हातीं धरून त्या रस्त्याच्या कडेला झाडाशीं उभ्या होत्या. त्या वेळीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसरे दिवशीं मात्र सायकलींची गोष्ट निघतांच म्हणाल्या, "तुम्ही जा. मी आपली येथें दिवाबत्ती पाहतें." तें वाक्य माझ्या मनाला फार लागलें. पंचवीस वर्षांनीं आलेला धीर आम्हीं एका सायंकाळींत घालविला होता.

त्या रात्रीं मीं नकाशा पुढें घेतला. हातांतील फोनवरील नकाशा अंतर तत्काळ सांगतो. पण डोंगरांत अंतराला महत्त्व थोडें, चढाला फार. माणूस व सायकल मिळून ऐंशी किलो वजन धरलें, तर वीस मीटरांत एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर त्याच गतीनें जाण्यास सपाटीच्या चौपटीहून अधिक जोर लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशांत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समान उंचीच्या दोन रेषांमध्यें वीस मीटरांचें अंतर असतें. रस्ता दोन सेंटिमीटरांत एखादीच रेषा ओलांडीत असेल, तर चढ पन्नासांत एक; तो कोणासही झेपतो. दोन ओलांडल्या तर दम लागतो. तीन किंवा अधिक ओलांडल्या, तर नवख्यांनीं त्या वाटेस जाऊं नये. जो रस्ता रेषांच्या सोबतीनें कडेकडेनें जातो, तोच सायंकाळचा रस्ता समजावा.

दुसरा नियम दिशेचा. चढ असलाच, तर तो जातांना असावा आणि उतार येतांना. म्हणजे थकलेल्या माणसास केव्हांही परत फिरतां येतें. मात्र परतीचा उतारही सौम्यच हवा. तांबड्या मातीची बारीक खडी वळणावर पसरलेली असते आणि तिच्यावरून चाक घसरतें. म्हणून सायकल भाड्यानें घेतांना दोन्ही ब्रेक स्वतः दाबून पाहावे, आणि पुढें पांढरा व मागें तांबडा दिवा असल्यावांचून दुकान सोडूं नये.

तिसरा नियम वेळेचा. महाबळेश्वरीं मेच्या मध्यास सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या आरंभीं सहाच्या सुमारास. आपल्या प्रदेशांत संधिप्रकाश फार टिकत नाहीं. पंचवीस मिनिटांच्या आंत रस्ता दिसेनासा होतो. यासाठीं सूर्यास्तापूर्वीं जितका वेळ असेल, त्याचा तिसरा हिस्सा सरतांच परत फिरावें. आणि चौथा नियम माणसांचा: सर्वांत हळू चालविणारा पुढें, जाणता मनुष्य सर्वांच्या मागें.

तिसरे दिवशीं मीं वहिनींपुढें नकाशा ठेवला व म्हटलें, "आजचा रस्ता तुम्ही निवडावयाचा." त्यांनीं चष्मा लावून रेषा मोजल्या आणि बंगल्यांच्या बाजूचा, झाडींतून जाणारा एक आडरस्ता बोटानें दाखविला. पांच वाजतां निघालों. त्या पुढें, मुलें त्यांच्या मागें, दादा व मी शेवटीं. पुतण्याला ही मंद गति प्रथम जाचली. पण थोड्या वेळानें तोच काकूला पांखरें दाखवूं लागला. सूर्य वर असतांच आम्ही मुक्कामीं परतलों, आणि दिवाबत्तीच्या वेळीं वहिनी घरींच होत्या.

आमच्या वाचकांपैकीं जे यंदा डोंगरावर जाणार असतील, त्यांस एवढीच विनंति, कीं निघण्यापूर्वीं आपल्या घरांतील सर्वांत संकोची माणसापुढें नकाशा ठेवावा. त्याला झेपेल तो रस्ता सर्वांना झेपतो.