पित्ताच्या गोळीआडचा जंतू

पित्ताची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाला जंतूची तपासणी न करता महिनोन्महिने आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या देत राहणे आता थांबले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. २००८ ते २०१७ दरम्यान जन्मलेल्यांपैकी सुमारे १ कोटी ५६ लाख जणांना पुढे जठराचा कर्करोग होईल आणि त्यातील ७६ टक्क्यांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातील जंतू असेल, या २०२५ मधील जागतिक अंदाजानंतर तरी.

भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू आढळतो. त्यातील बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, हेही खरे. म्हणून सर्वांना सरसकट अँटिबायोटिक द्या, असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न आहे तो त्रास असलेल्यांचा. पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळीने जळजळ शमते, जंतू मात्र तसाच राहतो. शिवाय गोळी चालू असताना श्वासाची वा विष्ठेची तपासणी केली, तर जंतू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. त्यासाठी दोन आठवडे आधी ती बंद करावी लागते. औषधाच्या दुकानातून परस्पर पाकीट नेणाऱ्याला हे सांगणार कोण?

राज्य सरकारने जिल्हा रुग्णालयांत विष्ठेतील प्रतिजनाची तपासणी मोफत सुरू करावी आणि उपचार संपल्यावर चार आठवड्यांनी फेरतपासणी बंधनकारक करावी. या जंतूवर दिल्या जाणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचे अर्धवट कोर्स असेच चालू राहिले, तर जंतू त्याला दाद देईनासा होईल आणि निदान होऊनही हाती चालणारे औषध उरणार नाही.