फुगलेल्या रंगाखाली काय चाललंय?

चंदीगडहून एका वाचक ताईंनी विचारलंय: वडिलांनी मुंबईत घेतलेली 1975 ची प्रीमियर पद्मिनी त्यांच्या बदलीबरोबर चंदीगडला गेली. आता ती घरासमोर झाडाखाली उभी असते. दारांच्या खालच्या कडेला रंग फुगलाय आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा दाबला की करकरतो. एक डेंटर म्हणतो, 'पोटीन भरून चार दिवसांत चकाचक करतो.' दुसरा म्हणतो, खालचा पत्रा कापावा लागेल, दीड महिना तरी जाईल. कुणाचं ऐकू?

दुसऱ्याचं ऐका. 'पोटीन' म्हणजे आपली पुट्टी. ती खड्डा भरते, गंज थांबवत नाही. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो आणि तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून रंग वर उचलला जातो. आपल्याला दिसतो रुपयाएवढा फोड, पण आतल्या बाजूने पत्रा त्याच्या कितीतरी पट खाल्लेला असतो. त्यावर नुसती पुट्टी थापली, तर ती ओल धरून ठेवते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर फोड पुन्हा हजर!

पद्मिनीच्या बाबतीत हा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. जीपला खाली वेगळी चौकट असते, बॉडी तिच्यावर बसवलेली असते. फियाट 1100 ची रचना तशी नाही आणि तिच्यावरूनच कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पद्मिनी तयार झाली. हिच्यात पायाखालचा पत्रा आणि दाराखालची पोकळ पट्टी हाच गाडीचा कणा आहे. अपघातात तोच धक्का झेलतो. त्यामुळे तळ कुजलेली गाडी वरून कितीही चमकली, तरी तिच्यात घरच्यांना बसवू नका.

चंदीगडला मुंबईसारखी खारी हवा नाही, मग गंज एवढा कसा? एक तर गाडीचं तरुणपण मुंबईत गेलं असेल, तर बी तिथेच पेरलं गेलं. दुसरं कारण ताईंच्या डोक्यावरच आहे. चंदीगडच्या रस्त्यांवर जातवार ओळीने झाडं लावलेली आहेत. त्या आखणीत एम. एस. रंधावा यांचा मोठा वाटा. शहर त्यामुळे देखणं झालं, पण पानगळीचा कचरा समोरच्या काचेखालच्या खाचेत आणि दारांच्या रबरांत साठतो. पाणी जायची भोकं बुजतात, पावसाचं पाणी दाराच्या पोटात साचून राहतं. दार बहुधा खालून का कुजतं, ते आता लक्षात आलं असेल.

डेंटरकडे जाण्याआधी घरीच तपासणी करा. छोटं लोहचुंबक पातळ रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे आधीच कुणीतरी जाड पुट्टी भरलेली आहे. आतल्या मॅट आणि रबरी आच्छादन पूर्ण काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा धड आहे. बद्द आवाज आला किंवा टोक आत गेलं, तर तो भाग कापायचाच. वरवरचा तांबूस गंज मात्र घासून, गंजरोधक रसायन लावून आटोक्यात येतो. सरसकट सगळं कापू देऊ नका. जुना धड पत्रा हीच तुमची ठेव आहे.

मनीमाजराच्या मोटर मार्केटमध्ये चौकशी करताना लक्षात ठेवा, तिकडे पत्र्याला 'चादर' म्हणतात. मूळ जाडीचीच चादर लावायला सांगा. वेल्डिंगआधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढलीच पाहिजे, यात तडजोड नको. दाराखालच्या दोन्ही पट्ट्या एकदम कापू देऊ नका. आधी बॉडीला आतून आधार द्यायचा, एक बाजू पूर्ण करायची, मग दुसरी. नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टीचा पातळ हात, मग रंग. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासकाम घराच्या अंगणात, मुलांच्या आसपास नको.

आता कागदपत्रं. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मग ती रोज बाजारहाटाला मात्र काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. आणि मुख्य अट म्हणजे चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. 'पद्मिनी' हे नाव 1974 मधलं, म्हणजे त्या पहिल्या गाड्या आता कुठे या वयात पोहोचताहेत. म्हणून आकार जसा होता तसाच ठेवा, चॅसी नंबरच्या आसपास ग्राइंडर फिरू देऊ नका आणि कापण्याआधीचे, कापल्यानंतरचे फोटो तारखेसह जपून ठेवा. ताईंनी आरटीओत चौकशी करूनच काम सुरू करावं.

एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करावा का, असं घरातली तरुण मंडळी विचारतील. पहिली मारुती 800 आठवा. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी तिच्या किल्ल्या दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिल्या. 2010 मध्ये ते गेले, तोवर त्यांनी ती गाडी विकली नाही. पुढे ती घराबाहेर गंजत पडली होती. शेवटी कंपनीनेच तिला पूर्वीचं रूप दिलं. आपल्या गाडीसाठी कुठली कंपनी येणार नाही, हे खरं. म्हणून तळ आणि पट्ट्या आधी, रंग शेवटी. पैसे कमी पडले तर रंग पुढच्या वर्षी. काम झाल्यावर पोकळ भागांत मेणाचा फवारा मारून घ्या. पानगळ संपली की एकदा आणि पावसाळ्याआधी एकदा, दारांच्या खालची भोकं तारेने मोकळी करा.