निःशब्द वाहनाची निगा

हिवाळ्याच्या सकाळी स्कूटर सुरू करणे हा एके काळी मराठी मध्यमवर्गीय घरातील छोटासा विधीच होता. १९७२ साली बाजारात आलेली बजाजची चेतक थंडीत सहजासहजी जागी होत नसे. आधी तिला एका बाजूला कलती करायची, मग चोक ओढायचा आणि किक मारीत राहायचे. या खटाटोपात त्रास होता, तसे शिक्षणही होते. प्लगवर काजळी धरली की काय होते, हे घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असे.

त्याच चेतक नावाची विजेवर चालणारी स्कूटर २०२० च्या जानेवारीत प्रथम पुणे आणि बेंगळूरु या दोन शहरांत आली. तिला चोक नाही, किक नाही, इंजिनात तेल घालणे नाही. कळ दाबली की ती निघते आणि निघाल्याचा आवाजही होत नाही. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु जी वस्तू कुरकुरत नाही, तिला काही लागतच नाही, असा एक समज या सोयीबरोबर घरात शिरला आहे. तो घातक आहे.

बेंगळूरुमध्ये या समजाला हवामानाचीही साथ मिळते. विद्युत वाहनांचे हे जुने गाव. रेवा ही विजेवरची छोटी मोटार २००१ साली येथेच रस्त्यावर आली आणि २०१७ मध्ये विद्युत वाहनांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर करणारे कर्नाटक हे देशातील पहिले राज्य ठरले. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरातील थंडी मात्र अगदीच सौम्य. जानेवारीतील पहाटेचे तापमान साधारणपणे १५-१६ अंशांवर थांबते. येथील नीचांक ७.८ अंशांचा, तोही १८८४ सालचा. निफाडची द्राक्षे जपणाऱ्या शेतकऱ्याला ही थंडी म्हणजे थट्टाच वाटेल.

बॅटरीच्या दृष्टीने हे भाग्यच होय. लिथियम-आयन बॅटरीत विद्युतभारित कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात असतात. थंडीत त्यांची हालचाल मंदावते, आतला रोध वाढतो आणि एका चार्जिंगमध्ये कापता येणारे अंतर घटते. पारा शून्याखाली असताना बॅटरी चार्ज केली, तर लिथियम धातूच्या रूपात आतच साचू लागते आणि बॅटरी कायमची दुखावते. लेहमध्ये किंवा नॉर्वेमध्ये राहणाऱ्याने ही भीती बाळगलीच पाहिजे. बेंगळूरुकराने बॅटरीला गोधडी पांघरण्याचे कारण नाही. तरीही युरोपातील बर्फासाठी लिहिलेला उपदेश येथे जसाच्या तसा वाचला जातो, आणि तो आपल्याला लागू नाही असे कळले की निगेचा विचारच सोडून दिला जातो. खरी चूक येथे होते.

कारण बेंगळूरुचा हिवाळा थंड नसला, तरी ओला असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वारे आणि बंगालच्या उपसागरातील वादळे या शहरापर्यंत पाऊस पोहोचवितात. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा बेंगळूरुवरही ढगाळ गारठा आणि झिमझिम पाऊस पसरला. पाऊस सरला की पहाटेचे धुके आणि दव सुरू होते. अनेक बॅटऱ्यांवर ‘आयपी ६७’ असा शिक्का असतो. तिच्यात धूळ शिरत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी पाणी जात नाही, असा त्याचा अर्थ. हे आश्वासन बॅटरीच्या पेटीपुरते आहे. चार्जर, खटक्यांच्या जोडण्या, चार्जिंगचे तोंड यांना ते आपोआप लागू होत नाही. ओलसर तोंडात पिन खुपसण्याआधी ते कोरड्या फडक्याने पुसणे आणि गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा न मारणे, एवढे भान पुरेसे असते. पण ते कोणी सांगत नाही.

टायरचेही तसेच. दुपारी २८ अंशांवर भरलेली हवा पहाटे १५ अंशांवर सुमारे दोन पौंडांनी उतरते. हवा कमी म्हणजे बॅटरीवर भार जास्त आणि वळणावर पकड कमी. त्यात विजेच्या मोटरचा सारा जोर जागेवरूनच मिळतो. ओल्या रस्त्यावर मूठ एकदम पिळली तर मागचे चाक घसरते. आणखी एक बारकावा आहे. मूठ सोडताच गाडी आपोआप मंदावते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते, अशी सोय पुष्कळ गाड्यांत असते. परंतु रात्रभर चार्ज केलेल्या भरगच्च बॅटरीत परतणाऱ्या ऊर्जेला जागा नसते. त्यामुळे सकाळच्या पहिल्या उतारावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही. नेमका तेव्हाच रस्ता दवाने ओला असतो. अशा वेळी भरवसा ब्रेकवर, आणि एरवी कमी वापरले गेलेले ब्रेक तपासायचे राहून गेलेले असतात. धुक्यातून येणाऱ्या या मुक्या गाडीची चाहूल पायी चालणाऱ्याला लागत नाही, हे वेगळेच. दिवा लावणे ही तेथे दुसऱ्याच्या जिवाची काळजी ठरते.

सुटीच्या दिवशी नंदी टेकडीवर सूर्योदय पाहायला जाणाऱ्या तरुणाला ही सारी काळजी छंद म्हणून घेता येईल. ज्याला ती परवडत नाही, त्याचे काय? बेंगळूरुच्या रस्त्यांवर घरपोच सामान पोहोचविणारे असंख्य तरुण भाड्याच्या विद्युत दुचाकीवर दिवस काढतात. त्यांतील पुष्कळ गाड्यांचा वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि मोटर २५० वॅटपर्यंतची असल्याने त्यांना नोंदणी लागत नाही, चालविणाऱ्याला परवाना लागत नाही. म्हणजेच, शिकण्याची सक्तीही नाही. गाडी त्याची नाही, म्हणून टायर तो बदलत नाही. गाडीचा मालक ती चालवीत नाही, म्हणून त्याला झिजलेला टायर दिसत नाही. रात्रीच्या रिमझिमीत घसरतो तो मात्र चालविणारा.

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही विद्युत स्कूटरींनी पेट घेतला. त्यानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले. ते आवश्यकच होते. परंतु कारखान्यातून बाहेर पडताना बॅटरी कशी असावी, हे असे नियम सांगतात. तीन हिवाळे पाहिलेल्या गाडीची अवस्था त्यांना दिसत नाही. भाड्याची गाडी रोज सकाळी हाती देण्यापूर्वी तिचा दिवा, दोन्ही ब्रेक आणि टायरची हवा तपासण्याची जबाबदारी भाडे घेणाऱ्याची असावी, आणि त्यात जाणारी पाच-दहा मिनिटे त्या तरुणाच्या कामाच्या वेळेत धरली जावीत.