धागा : चौदा वर्षांचा खुनी आणि चाळीस वर्षांची ‘दया’

१/ जेसी पॉमरॉय हे नाव तुम्ही ‘जन्मजात राक्षस’ अशा मथळ्याखाली वाचले असेल. बॉस्टन, १८७४. दोन बालकांचे खून, आरोपी चौदा वर्षांचा. बहुतेक कथा इथेच संपतात आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. एकदा राक्षस म्हटले की न्यायव्यवस्थेला जाब विचारण्याची गरजच उरत नाही.

२/ त्याचे गुन्हे सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. १८७१-७२ मध्ये त्याने अनेक लहान मुलांना निर्जन जागी नेऊन छळले. अठरा वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा हुकूम झाला. पण दीड वर्षाच्या आतच, फेब्रुवारी १८७४ मध्ये, त्याला सोडण्यात आले. मार्चमध्ये दहा वर्षांची मुलगी मारली गेली, एप्रिलमध्ये चार वर्षांचा मुलगा. खटला चालला तो या मुलाच्या खुनाचा.

३/ इंग्रजी परंपरेतल्या कायद्याची वयोमर्यादा अशी होती : सात वर्षांखालील मूल गुन्हेगार ठरूच शकत नाही. सात ते चौदा या वयात ते अजाण मानायचे. जाण होती हे सरकारने सिद्ध करायचे. चौदा पूर्ण झाली की प्रौढाचाच न्याय. पॉमरॉयचा जन्म नोव्हेंबर १८५९ चा. जेमतेम पाच महिन्यांनी तो कायद्याच्या लेखी पुरुष झाला होता.

४/ वयाची वाट बंद झाल्यावर उरली वेडाची. १८४३ च्या मॅकनॉटन नियमांचा प्रश्न एवढाच : आपण काय करतो आहोत, ते वाईट आहे, हे आरोपीला कळत होते का? मॅसॅच्युसेट्सने १८४४ च्या रॉजर्स खटल्यात त्याला ‘अनावर प्रेरणे’ची जोड दिली. बचावाची सारी मदार याच जोडीवर होती.

५/ डिसेंबर १८७४ मध्ये तीन दिवस खटला चालला. बचावाचे वैद्य म्हणाले, मन रोगी आहे. सरकारचे म्हणाले, भान शाबूत आहे. ‘हे मन अजून घडतेच आहे’ असे म्हणायला तिसरा रकाना नव्हता. ज्युरीने पहिल्या दर्जाचा खून शाबीत धरला. त्याला शिक्षा एकच : फाशी. आणि त्याच ज्युरीने वय पाहून दया करावी, अशी शिफारसही केली!

६/ ही विसंगती वरच्या न्यायालयाने दूर करावी, तर ‘वरचे’ होते कोण? अशा खटल्यांची सुनावणीच त्या काळी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश करत. हरकती गेल्या त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे, त्याही केवळ कायद्याच्या मुद्द्यांवर. १८७५ मध्ये त्या फेटाळल्या गेल्या. चौदा वर्षांच्या मुलाला फासावर द्यावे का, हा प्रश्न तिथे विचारार्थ नव्हताच.

७/ म्हणजे न्यायालयाने जे ठरवायचे ते राजकारण्याच्या लेखणीवर सोपवले गेले. फाशी द्या आणि फाशी देऊ नका, असे दोन्ही बाजूंचे अर्ज आले. गव्हर्नर विल्यम गॅस्टन यांनी मृत्युपत्रावर सही करण्याचे नाकारले आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत ते पराभूत झाले.

८/ १८७६ मध्ये, नव्या गव्हर्नरच्या काळात, शिक्षा बदलली : जन्मठेप, तीही एकांतकोठडीत. सोळाव्या वर्षी आत गेलेला हा मुलगा इतर कैद्यांमध्ये मिसळू शकला तो थेट १९१७ मध्ये. १९३२ मध्ये तो कैदी म्हणूनच मेला. याला दया म्हणणे हा भाषेवरचा अत्याचार आहे.

९/ ‘मग त्या दोन बालकांचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. पॉमरॉयला मोकळे सोडावे, असे मी म्हणत नाही; कोठडीत ठेवणे आवश्यकच होते. पण आधीच पकडलेल्या मुलाला दीड वर्षाच्या आत सोडणारी व्यवस्थाही आरोपीच्या पिंजऱ्यात हवी होती. सगळे पाप एका मुलाच्या कवटीत कोंबले की बाकीचे निर्दोष सुटतात.

१०/ हा इतिहास परका नाही. मॅकनॉटनचे नियम १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ८४ म्हणून आले. आज न्याय संहितेत ते कलम २२ आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयोगटाला, घोर गुन्ह्यांत, प्रौढांप्रमाणे खटल्याचे दार उघडले. मात्र आधी मानसिक क्षमतेची तपासणी, त्या आदेशावर अपील आणि फाशीला मनाई, अशा अटीही घातल्या.

११/ प्रत्येक भीषण बातमीनंतर या अटी ‘लाड’ म्हणून हिणवल्या जातात. ते लाड नव्हेत. १८७४ च्या ज्युरीला जे म्हणायचे होते आणि म्हणता आले नाही, तो हरवलेला तिसरा रकाना म्हणजे या अटी. त्या पुसून टाकण्याची मागणी करण्यापूर्वी चार्ल्सटाऊन तुरुंगातली ती चाळीस वर्षे आठवा.

धागा समाप्त.