गर्दी ही आपली हौस नाही

‘दाटीवाटीत राहता कशाला? मोकळ्या जागी जा की!’ हा सल्ला आपल्याला फुकट मिळतो. जागा आहेच. 2011च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 74 माणसं, मुंबई उपनगरात 20,000च्या आसपास. पण माळरानावर नोकऱ्या उगवत नाहीत.

1992-93च्या दंगलींनंतर कितीतरी कुटुंबं मुंबईतून मुंब्र्याला गेली, ती गर्दीच्या हौसेने नव्हे, जिवाच्या भीतीने. आजही नाव ऐकताच रिकामा फ्लॅट ‘कालच गेला’ असतो. घटनेचं कलम 19 देशात कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य देतं. तोंडावर दार लावणाऱ्या घरमालकाला आवरणारा कायदा मात्र नाही. तो मागूया.

आणि या कोंडीवर मतं पिकवणाऱ्या आपल्याच पुढाऱ्यांनाही विचारूया: मोहल्ल्यात मुलांना मैदान कुठे आहे?